बुतो : शब्दांनी घडवलेला देह

२४ मे १९५९. तोक्योतील दाइइची सेइमेइ सभागृहात अखिल जपान कलानृत्य संघाने नवोदित नर्तकांचा कार्यक्रम ठेवला होता. त्यात काही मिनिटांचे एक नृत्य झाले. नाव 'किन्जिकी', म्हणजे निषिद्ध रंग. रंगमंचावर जवळजवळ काळोख. वीस वर्षांचा ओनो योशितो आणि एकतीस वर्षांचा हिजिकाता तात्सुमी असे दोघेच नर्तक. मुलाच्या हाती एक जिवंत कोंबडे येते, तो ते मांड्यांत धरतो, ते गुदमरून मेल्याचा भास होतो. मग होता तो उजेडही जातो, आणि प्रेक्षकांना ऐकू येतात ते काळोखात धावणारी पावले आणि श्वासांचे आवाज. समलिंगी आकर्षण आणि हिंसा यांची ही सरमिसळ संघाला सोसवली नाही. वाद झाला आणि हिजिकाता संघातून बाहेर पडला.

जपानच्या 'बुतो' या नृत्यप्रकाराचा इतिहास या प्रयोगापासून सांगण्याचा प्रघात आहे. तो आम्हीही पाळतो, पण आमचे कारण थोडे वेगळे आहे. 'किन्जिकी' हे नाव मिशिमा युकिओच्या कादंबरीचे. मात्र कादंबरीतले कथानक, तिच्यातली माणसे, यांपैकी काहीच रंगमंचावर आले नव्हते. नर्तकाने पुस्तकातून शब्द तेवढा उचलला होता. बुतोचे साहित्याशी नाते पुढेही असेच राहिले. शब्द घ्यायचा, गोष्ट टाकून द्यायची, आणि तो शब्द शरीरात कुठे जाऊन बसतो ते पाहायचे.

हे आरंभीच सांगण्याचे प्रयोजन असे की, आज जगभर बुतोची जी शिबिरे भरतात त्यांतून बहुधा उलटेच ऐकू येते. 'भाषेच्या पलीकडे जा', 'विचार थांबवा', 'शरीराला बोलू द्या'. जणू शब्दांचे ओझे उतरवले की खाली एक निर्मळ, मूळचा देह सापडणारच आहे. बुतोचा इतिहास वाचताना आम्हांला याच्या नेमके विरुद्ध दिसते. हिजिकाताच्या हाती तयार झालेला बुतोचा देह शब्दांनीच, तेही अतिशय काटेकोर शब्दांनी, घडवलेला होता. म्हणूनच नृत्याचे जाणकार नसतानाही, साहित्याचे वाचक म्हणून आम्ही या विषयाकडे वळत आहोत.

२

प्रथम नावाविषयी. 'बुतो' हा शब्द दोन चित्राक्षरांचा. 'बु' म्हणजे नाचणे आणि 'तो' म्हणजे पाऊल टाकणे, तुडवणे. मेइजी काळात हा शब्द युरोपीय पद्धतीच्या बॉलरूम नाचांसाठी वापरला जाई. हिजिकाताने आपल्या नृत्याला आधी 'अंकोकु बुयो' म्हटले. 'अंकोकु' म्हणजे गडद काळोख, आणि 'बुयो' हा नृत्यासाठीचा रूढ शब्द. पुढे 'बुयो' जाऊन 'बुतो' आला. नृत्याच्या प्रतिष्ठित शब्दाऐवजी पायाखाली काहीतरी तुडवणारा शब्द आला, ही निवड बोलकी आहे.

दुसरा शब्द आहे शरीराचा. शरीरासाठी जपानीत 'शिन्ताइ' आहे आणि 'निकुताइ'ही आहे. 'निकु' म्हणजे मांस. हिजिकाताच्या तोंडी सतत येतो तो 'निकुताइ'. मराठीत याला प्रतिशब्द शोधू गेल्यास आपली पंचाईत होते. 'देह' म्हटले की अभंगांपासून आलेली नश्वरतेची छाया पडते. 'काया' शोभिवंत आहे. 'कुडी' म्हटली की तिच्यात प्राण गृहीतच धरलेला असतो. 'शरीर' वैद्याकडचे किंवा व्यायामशाळेतले वाटते. 'निकुताइ' यांपैकी कशातच पुरता मावत नाही. 'मांसाचा देह' असे लांबण लावूनच तो सांगावा लागतो.

या मांसाच्या देहाला १९४५ नंतरच्या जपानमध्ये एक इतिहास होता. युद्धापूर्वी आणि युद्धकाळात राज्यसत्तेचा परवलीचा शब्द होता 'कोकुताइ'. अक्षरशः अर्थ 'राष्ट्राचे शरीर', आणि त्या शरीराच्या शिरोभागी सम्राट. 'कोकुताइ' आणि 'निकुताइ' या दोन्ही शब्दांतले 'ताइ' एकाच चित्राक्षराचे. व्यायामासाठीच्या 'ताइसो' या शब्दातही तेच अक्षर आहे. १९२८ साली जपानमध्ये रेडिओवरून सामुदायिक कवायत सुरू झाली आणि देशभरची माणसे एका आवाजाबरोबर हातपाय हलवू लागली. पराभवानंतर राष्ट्राचे ते शरीर कोसळले, तेव्हा लेखकांनी मांसाच्या शरीराकडे मोर्चा वळवला. तामुरा ताइजिरोची 'निकुताइ नो मोन' (मांसदेहाचे द्वार) १९४७ची. तिच्यामागोमाग 'निकुताइ बुंगाकु', म्हणजे मांसदेहाचे साहित्य, अशी संज्ञाच रूढ झाली. उपाशी, भोगलेले, विकले गेलेले शरीर तेवढे खोटे बोलत नाही, अशी त्यामागची धारणा होती.

बुतोचा उगम या पार्श्वभूमीवर पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्या शरीराला पूर्वीच्या पिढीने कवायत शिकवली, गणवेश चढवला आणि परदेशी मरायला पाठवले, त्या शरीराचे आता काय करायचे, हा बुतोपुढचा खरा प्रश्न होता. सौंदर्याचा प्रश्न त्यानंतर येतो.

३

या प्रश्नाची दोन उत्तरे दोन माणसांनी दिली.

ओनो काझुओ हा 'किन्जिकी'तल्या योशितोचा पिता. जन्म १९०६, होक्काइदो बेटावरील हाकोदाते येथला. तो व्यायामविद्येचा विद्यार्थी होता. १९२९ साली तोक्योच्या इंपीरियल थिएटरात त्याने 'ला आर्हेन्तिना' या नावाने प्रसिद्ध असलेली स्पॅनिश नर्तकी आंतोनिया मेर्से हिला नाचताना पाहिले आणि ते दृश्य त्याने उराशी बाळगले. पुढे तो योकोहामात ख्रिस्ती शाळांतून व्यायामशिक्षक झाला, स्वतः ख्रिस्ती झाला, आणि इशिइ बाकु व एगुची ताकाया यांच्याकडे नृत्य शिकला. एगुचीने जर्मनीत मेरी विगमानच्या शाळेत शिक्षण घेतले होते. १९३८ साली ओनोला सैन्यात बोलावणे आले. चीन, मग न्यू गिनी, मग युद्धकैद, असे करत तो १९४६ साली परतला. परतीच्या जहाजावर जे मेले त्यांना समुद्रात सोडले जाई. त्या समुद्रात पाहिलेले जेलीफिश ओनोच्या मनात मृतांशी जोडले गेले, आणि पुढे ते त्याच्या नृत्यातही आले. कवायत शिकवणारा हा गृहस्थ आयुष्यातील सुमारे नऊ वर्षे युद्धाला देऊन आला, आणि १९४९ साली, त्रेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, त्याने आपला पहिला स्वतंत्र नृत्यप्रयोग केला.

त्या प्रेक्षागृहात अकिताहून आलेला एक तरुण होता. हिजिकाता तात्सुमी हे त्याने पुढे घेतलेले नाव. मूळ नाव योनेयामा कुनिओ, जन्म १९२८. ओनोचे नृत्य आपल्याला जालीम विषासारखे भिनले, असे तो पुढे सांगत असे. त्यानेही अकितात जर्मन वळणाचे नवनृत्य शिकायला सुरुवात केलेली होती. बुतो म्हणजे जपानी मातीतून आपोआप उगवलेले काहीतरी, हा समज या एका गोष्टीने दूर व्हावा. त्याच्या मुळाशी जर्मन अभिव्यक्तिवाद आहे, स्पॅनिश नर्तकी आहे. फ्रेंच पुस्तके तर आहेतच. १९६०च्या दशकात हिजिकाताच्या भोवती जमलेल्या मंडळींत साद या लेखकाचा अनुवादक शिबुसावा तात्सुहिको होता, आणि त्या अनुवादाबद्दल त्याच्यावर अश्लीलतेचा खटला चालू होता. खुद्द मिशिमा हिजिकाताच्या तालमींना येई, त्याच्या प्रयोगपत्रिकांसाठी लिही. जाँ जने तर सर्वांचाच आवडता. १९६० साली जनेच्या कादंबरीतील 'दिव्हीन' या पात्रावरून हिजिकाताने ओनोसाठी एक एकलनृत्य बसवले.

त्याच वर्षी अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो लोक तोक्योच्या रस्त्यावर उतरले होते. करार टळला नाही. पुढे १९६४च्या ऑलिम्पिकसाठी शहर घासूनपुसून उभे राहिले आणि निरोगी, सुडौल, कार्यक्षम शरीर ही पुन्हा एकदा राष्ट्राची जाहिरात झाली. अशा काळात हिजिकाता निरुपयोगी शरीराविषयी बोलत होता. उत्पादनाच्या कामी न येणारे, हेतूशिवाय वापरले जाणारे शरीर.

४

ऑक्टोबर १९६८मध्ये हिजिकाताने 'हिजिकाता तात्सुमी आणि जपानी लोक : मांसदेहाचे बंड' हा प्रयोग केला. उपासमार करून त्याने अंगावरची हाडे उघडी पाडली होती. कमरेला सोनेरी लिंग बांधलेले, मागे चित्रकार नाकानिशी नात्सुयुकीने टांगलेले पितळी पत्रे, आणि अखेरीस दोरांनी ताणून वर उचललेला देह. बंडाचा हा कळस होता. आम्हांला मात्र त्यानंतर जे घडले ते अधिक मोलाचे वाटते.

१९६५ ते १९६८ या काळात छायाचित्रकार होसोए एइको याने हिजिकाताला घेऊन अकितातल्या ताशिरो या खेड्यात छायाचित्रे काढली. ती १९६९ साली 'कामाइताची' या पुस्तकात आली. कामाइताची हे लोककथांतले अदृश्य जनावर. ते वाऱ्याबरोबर येते आणि विळ्याने चिरावी तशी माणसाची कातडी चिरून जाते. छायाचित्रांत हिजिकाता भात वाळवायच्या उंच मांडवावर कावळ्यासारखा बसला आहे, पोर उचलून शेतातून पळतो आहे, म्हाताऱ्या बायकांमध्ये बसून हसतो आहे. आज त्या ताशिरोत या छायाचित्रांना वाहिलेले संग्रहालय आहे.

या खेपेनंतर हिजिकाताचा रोख वळला. त्याने आपल्या नृत्याची जन्मभूमी म्हणून तोहोकु प्रदेशाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. तोहोकु म्हणजे जपानच्या मुख्य बेटाचा थंड, दरिद्री उत्तरभाग. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या भीषण दुष्काळांची स्मृती तिथे आहे, आणि १९३४च्या पीकबुडीत तिथल्या मुली विकल्या गेल्याची नोंदही आहे. हिजिकाता सांगे की, तिथली लहान मुले गवताच्या टोपल्यांत बांधून शेताच्या बांधावर ठेवली जात. दिवसभर दुमडलेले त्यांचे पाय बधिर होत, आणि संध्याकाळी मोकळे केले तरी सरळ होत नसत. ते वाकडे, आपले न उरलेले पाय म्हणजे बुतोचे पाय. युरोपीय नर्तकाचे पाय जमीन सोडायला धडपडतात, हे पाय जमिनीत रुततात. १९७२ साली शिंजुकूतील आर्ट थिएटरात त्याने 'चार ऋतूंसाठी सत्तावीस रात्री' ही प्रयोगमालिका केली, तिच्यात हा वाकलेला, गुडघ्यांत मोडलेला, फेंगड्या पायांचा देह पूर्ण रूपात आला. त्यातल्या 'देवीच्या रोगाची कथा' या प्रयोगात हिजिकाता हाडकुळ्या, रोगजर्जर शरीराने जमिनीवर पडून आहे, उठू पाहतो आहे, आणि पार्श्वभूमीला फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतातले एक धनगरी गाणे शांतपणे चालले आहे. दृश्य आणि स्वर एकमेकांना कसलीच मदत करत नाहीत. हे ज्यांनी चित्रफितीवर पाहिले आहे ते सहसा विसरत नाहीत.

मात्र इथे वाचकाने सावध राहिले पाहिजे. हिजिकाताचे घर दुर्गम डोंगरातले नव्हते. ते अकिता शहराच्या कडेचे होते आणि घरात सोबा नावाच्या शेवयांचे दुकान होते. नाहीशी झालेली, आपल्या शरीरात राहायला आलेली बहीण, युद्धातून राख होऊन परतलेले भाऊ, यांविषयी तो जे सांगतो त्यात नोंद किती आणि रचना किती हे अभ्यासकांना आजही पूर्ण वेगळे करता आलेले नाही. १९८३ साली पुस्तकरूपाने आलेले त्याचे 'यामेरु माइहिमे' (आजारी नर्तकी) हे बालपणाचे गद्यही कर्ता-कर्म सैल झालेल्या वाक्यांनी भरले आहे. कोण आजारी, कोण पाहणारा, हवा कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होते, हे तिथे निश्चित होत नाही.

मग तोहोकु खोटे होते काय? आमच्या मते हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो. आत्मचरित्राला आपण हा प्रश्न विचारू. हिजिकाता स्मृती नोंदवत नव्हता, शरीराला स्मृती शिकवत होता. म्हणून तोहोकु न पाहिलेल्या शिष्यांच्या अंगीही ते पाय येऊ शकले. ते कसे आले, हे पाहण्यासाठी त्याच्या वह्यांकडे वळले पाहिजे.

५

हिजिकाताची तालमीची जागा तोक्योच्या मेगुरो भागात होती. तिचे नाव 'अ‍ॅस्बेस्टॉस-कान', कारण ती त्याची पत्नी आणि नर्तकी मोतोफुजी आकिको हिची, आणि तिच्या वडिलांचा अ‍ॅस्बेस्टॉसचा व्यवसाय होता. तिथे १९७०च्या दशकात आशिकावा योको ही त्याची प्रमुख नर्तकी होती. हिजिकाता हाती छोटा ढोल घेऊन बसे, तो वाजवत वाजवत शब्दांची धार धरी, आणि शिष्य त्याप्रमाणे हालत. मग ते शब्द वहीत उतरवून घेत. या नोंदींना 'बुतो-फु' म्हणतात. 'फु' म्हणजे संगीतातील स्वरलेखनासारखी लिपी. हिजिकाताच्या स्वतःच्या चिकटवह्याही आहेत. त्यांत कलाविषयक मासिकांतून कापलेली बेकन, मिशो, व्होल्स, द्युब्युफे, बेल्मेर यांची चित्रे आणि शेजारी त्याच्या हस्ताक्षरातले शब्द आहेत. १९९८पासून केइओ विद्यापीठाच्या कलाकेंद्रात त्याचा संग्रह जतन केलेला आहे. त्याच वर्षी वागुरी युकिओ या शिष्याने आपल्याजवळच्या नोंदी सीडी-रॉमवर प्रसिद्ध केल्या. मिकामी कायो या शिष्येने त्यापूर्वी, १९९३मध्ये, देह हे रिकामे भांडे आहे या सूत्राभोवती आपल्या गुरूच्या पद्धतीवर पुस्तक लिहिले.

या नोंदींतला एक पाठ फक्त चालण्याचा आहे. त्याचा सारांश आमच्या शब्दांत असा. तळपायाखाली वस्तऱ्याची धार आहे. डोक्यावर काठोकाठ पाण्याचे भांडे आहे. कपाळावर काचेचा एक डोळा आहे, आणि चेहऱ्यावरचे डोळे पाहणे सोडून देतात. सांध्यासांध्यांतून कोळ्याचे धागे हवेत गेले आहेत. या सगळ्यासह पुढे जायचे. दुसरा प्रसिद्ध पाठ किड्यांचा. एक किडा उजव्या हाताच्या पाठीवर, दुसरा मानेवरून खाली, तिसरा मांडीच्या आतून वर. मग पाचशे, मग हजारो, मग रंध्रांतून आत, आतड्यांपर्यंत. शेवटी ज्याला खाज सुटावी असा कोणी शिल्लकच उरत नाही.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही चालण्याचा पाठ एका रिकाम्या खोलीत करून पाहिला. आम्ही नर्तक नाही, त्यामुळे या प्रयोगाला फारसे प्रमाण मानू नये. पण जे घडले ते सांगण्यासारखे आहे. पहिल्यांदा आम्ही फक्त डोक्यावरच्या पाण्याचा शब्द घेतला. भिंतीला टेकून पाहणाऱ्या मित्राने लगेच सांगितले की आम्ही पाण्याचे भांडे नेत आहोत हे दिसते आहे. म्हणजे आम्ही अभिनय करत होतो. मग वस्तरा जोडला, तेव्हा अभिनय दुप्पट झाला. तिसरा आणि चौथा शब्द जोडल्यावर मात्र दाखवायला सवडच उरली नाही. पाण्याकडे लक्ष द्यावे तर धागे तुटतात, धागे सांभाळावे तर पाऊल जड पडते. खोलीची लांबी बारा-तेरा पावलांची असेल, ती ओलांडायला पंधरा मिनिटे लागली. मित्र म्हणाला, आता तुम्ही काय करत आहात ते कळत नाही, पण नजर काढवत नाही.

त्या खोलीत आम्हांला बुतो-फुचा एक गुणधर्म उमगला असे वाटते. भारतीय नृत्यपरंपरेत पदार्थाभिनय असतो. गीतातले पद प्रेक्षकाला ऐकू येते आणि नर्तकीचे हात, डोळे त्याचा अर्थ उलगडतात. शब्द दोघांच्या मध्ये उघडा असतो. बुतोत शब्द फक्त नर्तकाजवळ असतो. प्रेक्षकाला किडा कधीच कळत नाही, कळण्याची गरजही नाही. शब्द अर्थ पोचवण्यासाठी दिलेलाच नसतो. तो शरीरावर एक अट घालतो, आणि एकाच वेळी इतक्या अटी घातल्या जातात की 'मी हे करतो आहे' म्हणणाऱ्याला जागा राहत नाही. विचार थांबवून हे साधत नाही, लक्ष ताणून साधते. ज्याला आज देहभान म्हणतात ते इथे शब्दांच्या ओझ्याखाली येते. आम्हांला कवितेच्या वाचनाची आठवण झाली. चांगल्या कवितेतही एक ओळ अनेक दिशांनी ओढत असते, आणि सारांश सांगू पाहणारा वाचक तिथेच थांबतो.

६

इथे मिशिमाकडे पुन्हा वळणे भाग आहे. त्याने १९६८मध्ये 'ताइयो तो तेत्सु' (सूर्य आणि पोलाद) हा दीर्घ निबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्याची तक्रार अशी की, आपल्या आयुष्यात शब्द आधी आले आणि शरीर नंतर, तेही शब्दांनी पोखरलेले. त्यावरचा उपाय म्हणून त्याने वजने उचलून, ऊन घेऊन स्नायूंचे एक अभिजात शरीर कमावले. २५ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने त्या शरीराचा शेवट सैन्याच्या छावणीत, सम्राटाच्या नावाने केला. ज्या राष्ट्रदेहातून मांसदेह सुटू पाहत होता, त्याच्याच स्वाधीन तो पुन्हा झाला.

एकमेकांना ओळखणाऱ्या, एकमेकांचे चाहते असलेल्या या दोघांचे रस्ते इथे किती दूर गेले पाहा. मिशिमाला शब्दांनी पोखरलेले शरीर दुरुस्त करायचे होते. हिजिकाताने ते आणखी पोखरले, आणि त्या छिद्रांतूनच नृत्य काढले. मिशिमाचे शरीर पुतळ्यासारखे बंद होते, हिजिकाताचे भोके पडलेल्या भांड्यासारखे उघडे. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे दोन देह शेजारी ठेवून पाहावेत. शब्द आणि शरीर यांच्यातल्या वैराची जी उत्तरे त्या पिढीला सुचली, त्यांतली ही दोन टोके आहेत.

७

ओनोचा मार्ग आणखी निराळा होता. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो रंगमंचापासून दूर झाला. मग नोव्हेंबर १९७७मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, त्याच दाइइची सेइमेइ सभागृहात त्याने 'ला आर्हेन्तिना'च्या गौरवार्थ नृत्य केले. दिग्दर्शन हिजिकाताचे. आरंभी ओनो प्रेक्षकांत बसलेला असतो, जनेची वृद्ध दिव्हीन होऊन. तिथून उठून तो रंगमंचावर जातो आणि अर्ध्या शतकापूर्वी पाहिलेल्या नर्तकीपर्यंत पोचतो. झालरीचा झगा, रंगवलेला सुरकुतलेला चेहरा, थरथरणारी बोटे. त्याच्यात थट्टा नाही, स्त्रीवेषाची चतुराईही नाही.

हिजिकाता आकारापासून आत जाई. ओनो शिष्यांना सांगे की आत्मा आधी हलू द्या, आकार मागोमाग येईल. पण ओनोसुद्धा योकोहामातल्या आपल्या तालीमघरात आधी बराच वेळ बोलत असे. आई, गर्भ, मृतांचे ऋण यांविषयी बोलून झाल्यावर मग तो म्हणे, आता हाला. त्याचे शब्द प्रवचनासारखे, हिजिकाताचे शल्यक्रियेच्या हत्यारासारखे. मुक्या शरीरावर दोघांचाही विश्वास नव्हता.

१९८० साली ओनो फ्रान्समधील नान्सीच्या महोत्सवात नाचला. त्याच सुमारास आमागात्सु उशिओची 'सान्काइ जुकु' ही १९७५ साली स्थापन झालेली मंडळी युरोपात गेली, आणि पांढरे रंगवलेले मुंडित देह ही बुतोची जगभरची ओळख ठरली. पाश्चात्त्य समीक्षकांनी या देहांत हिरोशिमा पाहिले. तसे दिसणे समजण्यासारखे आहे. पण १९५९च्या काळोखात कोंबडे होते, बॉम्ब नव्हता. एका स्फोटाने सगळे समजावून सांगितले की दुष्काळ, कवायत, विकलेल्या मुली, न्यू गिनीची जंगले, या साऱ्यांचा हिशेब चुकता झाल्यासारखा होतो. १० सप्टेंबर १९८५ रोजी सिअ‍ॅटलमध्ये इमारतीवरून उलटे लटकून खाली येण्याच्या प्रयोगात दोर तुटून सान्काइ जुकुचा ताकादा योशियुकी हा नर्तक मरण पावला. मृत्यूविषयीच्या रूपकांची सवय झालेल्या प्रेक्षकांसमोर एक खरा मृत्यू घडला. पुढच्याच वर्षी, २१ जानेवारी १९८६ रोजी, हिजिकाता सत्तावन्नाव्या वर्षी गेला.

त्यानंतरच्या प्रसाराचा तपशील आम्ही इथे देत नाही. शिकवण्याच्या अनेक पद्धती एकत्र आल्या. त्यांत शरीराला कातड्याच्या पिशवीतले पाणी मानणारी नोगुची मिचिझोची व्यायामपद्धती आहे. तानाका मिनने १९८०च्या दशकात यामानाशीतल्या हाकुशू गावी चालवलेला, शेतीच्या कष्टातून शरीर घडवणारा उपक्रमही आहे. या पद्धतींचे मोल आम्हांला अमान्य नाही. मात्र आजच्या शिबिरांत कष्ट गळतात, शब्द गळतात आणि सैलावलेले, प्रसन्न शरीर तेवढे शिल्लक राहते, तेव्हा बुतोचा मूळ प्रश्न हरवलेला असतो.

८

तो प्रश्न हिजिकाताच्या विरुद्धही उलटवता येतो, आणि तसे न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. अ‍ॅस्बेस्टॉस-कानचा खर्च कसा चाले? शिष्य, विशेषतः शिष्या, रात्री कॅबरेत नाचत आणि त्या कमाईवर तालीमघर चाले. दिवसा गुरूचा शब्द शरीरावर, रात्री गिऱ्हाइकाची नजर शरीरावर. १९७३नंतर हिजिकाता स्वतः रंगमंचावर नाचला नाही. तो बोलत राहिला आणि इतरांची शरीरे हालत राहिली. रेडिओच्या आवाजाबरोबर हातपाय हलवणाऱ्या राष्ट्रातून बाहेर पडायला निघालेले हे बंड अखेर एका ढोलापाशी आणि एका आवाजापाशी आले, असे कोणी म्हटले तर त्याचे म्हणणे सहज झटकता येणार नाही.

आमचे उत्तर अर्धवटच आहे. कवायतीतला शब्द सर्वांच्या हातांना एकाच उंचीवर नेतो. किड्याचा शब्द प्रत्येक शरीरात वेगळ्या ठिकाणी चावतो. आज्ञा दोन्हीकडे आहे, पण दुसऱ्या आज्ञेचे पालन कसे होईल हे आज्ञा देणाऱ्यालाही ठाऊक नसते. शिक्षकाचे शब्द विद्यार्थ्यात कुठे जाऊन बसतात हे वर्गात शिकवणाऱ्यांना तरी कुठे ठाऊक असते? हा फरक पुरेसा आहे का, हे त्या शिष्यांनीच सांगावे, आणि त्यांतल्या काहींनी वह्या जपून ठेवल्या हे आम्ही त्यांचे एक उत्तर समजतो.

शेवटी 'किन्जिकी'तल्या मुलाविषयी. ओनो योशितोने १९६९नंतर बरीच वर्षे रंगमंच सोडला होता. १९८५मध्ये 'मृत समुद्र' या प्रयोगात तो वडिलांबरोबर परतला. काझुओ नव्वदी ओलांडूनही नाचत राहिला. पाय गेले तेव्हा खुर्चीत बसून त्याचे हात नाचले. १ जून २०१० रोजी, १०३व्या वर्षी, तो गेला. नंतर योशितो आपल्या बोटांवर वडिलांची एक छोटी बाहुली चढवून नाचत असे. बाहुली हात पसरी, मान कलती करी, तीच ती थरथर. पार्श्वभूमीला एल्व्हिस प्रेस्लीचे प्रेमगीत. ज्याला वयाच्या विसाव्या वर्षी काळोखात दुसऱ्याच्या शब्दावर उभे राहायला सांगितले होते, तो आता पित्याचा देह बोटांवर हलवत होता. जानेवारी २०२०मध्ये योशितोही गेला. ती बाहुली पाहताना आम्हांला ठरवता आले नाही की मुलगा पित्याला हलवतो आहे, की पिता मुलाच्या बोटांत शिरून त्याच्याकडून नाच करवून घेतो आहे.